कूलरच्या गवतात सापडलेले छर्रे

नेमबाजीच्या टार्गेटसाठी लोखंडी प्लेट आणायला नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीला, म्हणजे लोखंडाच्या बाजारात, मी स्वतः गेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यात दुकानदाराचा, पोरीचा किंवा बंदुकीचा दोष काढायला मला जागा नाही.

2024 साली पॅरिसला मनू भाकरने दोन कांस्यपदकं घेतली, पाठोपाठ कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं, आणि आमच्या घरी नववीतल्या मुलीने जाहीर केलं की तिलाही नेमबाजी शिकायची आहे. दिवाळीनंतर ती क्लबात जाऊ लागली. 10 मीटर एअर रायफल. या टार्गेटचा पूर्ण काळा-पांढरा पसारा 45.5 मिलिमीटर व्यासाचा, आणि मधोमध दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. बॉलपेन टेकवून उचलल्यावर उरतं तेवढं टिंब. पहिला महिना तिचे छर्रे त्या टिंबाच्या आसपासही फिरकले नाहीत आणि ती कंटाळली. कागदाला भोक पडतं, पण आवाज होत नाही. मारलं की काहीतरी वाजलं पाहिजे, पडलं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

म्हटलं, त्यात काय. माझ्या मोठ्या भावाकडे जुनी, नळी मोडून भरायची स्प्रिंगची एअरगन पडून होती. 4.5 मिलिमीटरची. या मापापर्यंतच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही, त्यामुळे कागदपत्रांची भानगड नव्हती. मानेवाड्याकडे लेआउटमध्ये आमचं घर. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक बोळ आहे, फाटकापासून परसदारापर्यंत सरळ. टेप लावून पाहिला, 10 मीटर म्हणजे 33 फूट, आरामात बसत होते. लोहा ओळीतून चार सुती, म्हणजे साधारण अर्धा इंच जाड, फूट बाय फूट लोखंडाचा तुकडा वजनावर घेतला. पावणेनऊ किलो भरला. जुन्या मालातला होता, एका कडेला गॅस कटिंगचे दात, मधे कुठे कुठे गंजाचे खड्डे आणि वेल्डिंगचे दोन-तीन वाळके थेंब. मी म्हटलं, जाड आहे ना, मग बस. छर्रा काही यातून आरपार जात नाही.

माझं सगळं डोकं त्या एकाच प्रश्नावर अडकलं होतं. आरपार जातो की नाही. जात नव्हता, हे खरंच आहे.

प्लेट परसदाराच्या भिंतीला, कपडे धुवायच्या दगडावर, सरळ उभी टेकवली. जानेवारीची सकाळ, कोवळं ऊन. पोरीने पहिला छर्रा मारला आणि ठण्ण करून असा आवाज आला की आई पूजा सोडून बाहेर आली. दहा-बारा दिवस घरात उत्सव होता. शेजारचा भाचा आला, त्याचे मित्र आले. भाच्याने कुठून तरी चमकत्या गोल गोळ्यांची पुडी आणली, तीही मारून झाली.

त्या दिवसांत एक गोष्ट कानावर पडत होती, पण लक्षात घेतली नाही. ठण्ण झाल्यावर कधीकधी मागून एक बारीक टिक् ऐकू यायचं. आम्ही उभे राहायचो तिथे मागे खिडकीला कूलर आहे, लोखंडी स्टँडवर, हिवाळाभर पोत्याने झाकलेला. मला वाटायचं पाल असेल, पत्रा थंडीने आखडत असेल. एकदा पोरगी म्हणालीसुद्धा, “बाबा, कूलर वाजला.” मी म्हणालो, “कूलर कसा वाजेल? त्याला लाइट कुठं आहे?” आणि स्वतःच्या विनोदावर हसलो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी तिच्या उजव्या हाताला उभा होतो, वर्तमानपत्र वाचून नुकताच उठलेला, त्यामुळे चष्मा डोळ्यांवर नसून डोक्यावर. ठण्ण झालं आणि डाव्या भुवईच्या वर कुणीतरी बोटाने जोरात टिचकी मारावी तसं झालं. हात लावला तर रक्ताचा थेंब. छर्रा पायाशी पडला होता, अजून कोमट. जखम म्हणावी असंही काही नव्हतं, हळद लावून भागलं. पण आरशात पाहिलं तेव्हा त्या खुणेपासून डोळ्यापर्यंतचं अंतर मी बोटाने मोजलं. एक बोट. पुरतं एक बोटही नाही.

आईने काही आरडाओरडा केला नाही. तिने बंदूक उचलली, कपाटात टाकली, किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाली, “पोरीचा डोळा गेला असता तं कोणाच्या तोंडाला तोंड दाखवलं असतं तू?” यावर उत्तर नव्हतं.

मार्चमध्ये कूलर बाहेर काढायची वेळ आली. नागपुरात हा एक सणच असतो, होळीच्या आगेमागे गल्लीगल्लीतून गवत बदलणारे फिरतात. आमच्याकडे येतो तो पोऱ्या ताटी उघडून जुनं गवत झटकायला लागला आणि थांबला. “साहेब, हे काय होय जी?” त्याच्या तळहातावर सहा शिशाचे छर्रे आणि एक तांबूस चमकती गोळी होती. जुन्या पोत्याला बारीक भोकं पडलेली होती ती मला उंदरांची वाटली होती.

म्हणजे मला लागलेला पहिला नव्हता. निदान सात जण आमच्या डोक्याशेजारून जाऊन कूलरमध्ये बसले होते.

ते सात मी वाटीत घेऊन समोरच्या काकाजींकडे गेलो. काकाजी अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, आयुष्य लोखंडाची तपासणी करण्यात गेलेलं. त्यांनी छर्रे एकेक करून बोटांत फिरवले, भिंग आणलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो मला अपेक्षितच नव्हता.

“बंदूक लय कमजोर हाये का तुमची?”

मी म्हटलं, हो, जुनी आहे, स्प्रिंग ढिली पडली असेल. पण कमजोर असणं चांगलंच ना?

“तेच तं चुकते लोकांचं.” त्यांनी एक छर्रा माझ्यापुढे धरला. त्याचं तोंड फक्त जरासं चेपलेलं होतं, बाकी कंबर आणि घेर जसाच्या तसा. “हा पाहा. हा फुटला नाही, पसरला नाही. याच्यात जेवढा जोर होता त्यातला थोडा तोंड चेपायला गेला, बाकीचा घेऊन हा परत आला. याला म्हणते उसळी.”

मग त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. क्लबातल्या चांगल्या एअर रायफलमधून सुमारे अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 170 मीटरच्या आसपास वेगाने निघतो. हिशेब केला तर सात-साडेसात ज्यूलच्या घरात ऊर्जा येते. शिसं मऊ, त्यामुळे एवढ्या वेगाने कडक, सपाट लोखंडावर आपटलं की ते टिकलीसारखं चपटं होतं आणि बहुतेक जोर चपटं होण्यातच संपतो. वेग कमी झाला की चपटं होणं कमी, आणि उसळणं जास्त. म्हणजे आमची मरतुकडी बंदूक त्या प्लेटसाठी क्लबातल्या रायफलपेक्षा जास्त धोक्याची होती. हे ऐकून मला माझ्या जानेवारीतल्या निवांतपणाची आठवण झाली. कमजोर आहे म्हणून मी पोरांना चष्मेसुद्धा लावले नव्हते.

तांबूस गोळी त्यांनी वेगळी ठेवली. “ही कोणी आणली?” भाच्याने, म्हणालो. “ही शिशाची नाही. लोखंडाची, वरून तांब्याचा मुलामा. ही चपटी होतच नाही. हिला लोखंडासमोर आणायचंच नाही, कधीच.” पुडी त्याच संध्याकाळी भाच्याच्या हातातून काढून घेतली. ती पुडी त्याला विकणाऱ्याने असं काही सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

काकाजी प्लेट पाहायला बोळात आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पण गुडघ्यावर बसले आणि तळहात प्लेटवरून फिरवला, जसा आई पोळपाटावरून फिरवते. मग स्टीलची पट्टी आडवी लावली. पट्टीखालून मधोमध उजेड दिसत होता. प्लेट मधोमध आत दबलेली होती, एखाद दोन मिलिमीटर असेल, डोळ्यांना कधी दिसली नव्हती.

“कॅरम खेळला ना? स्ट्रायकर सरळ कडेला मारला तं सरळ परत येते, तिरपा मारला तं तिरपा जाते. आता कड अशी आतून गोल असली तं? कुठंही मारा, सगळं मधे येऊन जमा होते. आणि मधे कोण उभं हाये?”

मधे आम्ही उभे होतो.

गंजाचे खड्डे, वेल्डिंगचे थेंब, कडेचे दात, यांचंही तेच. प्रत्येक खड्डा म्हणजे एक लहानशी वाटी. त्या वाटीत गेलेलं शिसं कुठे निघेल याचा कुणाला हिशेब करता येत नाही. सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावर निदान अंदाज बांधता येतो. मग त्यांनी मान वर केली आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे पाहिलं. पलीकडच्या घराची गच्ची, दोरीवर साड्या. “प्लेटला लागली तं हे सगळं. नाही लागली तं?”

यावरही उत्तर नव्हतं. त्या महिन्यात माझ्याकडे कशालाच उत्तर नव्हतं.

आता खरं तर मी थांबायला हवं होतं, पण मी यूट्यूब पाहिलं. तिथे कुणीतरी परसात जुन्या टायरवर टार्गेट लावलेलं होतं. रबर मऊ, म्हणजे धक्का गिळणार, असं मनात पक्कं झालं. टायर आणला, बोळात उभा केला, आणि या वेळी शहाणपण करून डोळ्यांवर गॉगल, अंगावर जाड जॅकेट, पोरगी घरात खिडकीआड. एकच छर्रा मारला. तो टायरवर आपटला आणि जवळजवळ त्याच वाटेने परत आला. फाटकाला लागून टण्ण झाला. मी उचलून पाहिला. त्याचं तोंडसुद्धा चेपलं नव्हतं. नवा कोरा, पुन्हा बंदुकीत घालता आला असता. टायर त्याच दिवशी कबाडीवाल्याला दिला.

एप्रिलमध्ये काकाजी आणि मी हिंगणा एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. कारण सांगतो. वाचत बसताना मला कळलं होतं की खऱ्या बंदुकांसाठी लोखंडी टार्गेट सहसा साध्या लोखंडाचं करत नाहीत, त्याला वेगळी कडक प्लेट लागते, आणि मला तीच हवी होती. नागपूर भागात ती मिळणं अवघड नाही, हे काकाजींनी सांगितलं. कोळशाच्या खाणीतल्या डंपरचे हौदे आणि फावड्यांचे तळ झिजू नयेत म्हणून आतून तसल्याच प्लेटा मारतात. त्या फॅब्रिकेशनवाल्याकडे खाणींचं काम होतं आणि कोपऱ्यात कापून उरलेले तुकडे पडलेले होते.

“भाऊ, हे कशाले पाहिजे तुम्हाले?” त्याने विचारलं. पोरीची एअरगन, म्हटल्यावर तो आणि काकाजी दोघंही एकमेकांकडे पाहून हसले. “काकाजी, तोफ घेऊन राहिले का हे?”

पण काकाजींनी त्याच्याकडून पंच आणि हातोडा मागून घेतला आणि मला जे दाखवलं ते मी विसरणार नाही. साध्या लोखंडाच्या तुकड्यावर पंच ठेवून एक घाव घातला, मोठा खड्डा पडला. तोच पंच, तसाच घाव खाणीच्या प्लेटवर, तर बारीक टिंब, नखाला जेमतेम लागेल एवढं. कडकपणा मोजायची एक जुनी पद्धत याच गोष्टीवर आहे, असं ते म्हणाले. 10 मिलिमीटरची गोळी ठरावीक वजनाने, पोलादासाठी 3000 किलोच्या, दाबतात आणि पडलेल्या खळीचा व्यास मोजतात. त्यातून ब्रिनेल आकडा निघतो. शिशाचा पाचच्या आसपास, साध्या लोखंडाचा सव्वाशेच्या आसपास, आणि त्या कडक प्लेटचा 500.

“तुमच्या छर्‍याने या साध्याले काहीच होत नाही,” काकाजी म्हणाले, “पण रायफलची खरी गोळी आली तं या साध्यावर अशी खळी पडते. पुढची गोळी त्या खळीत गेली का तिचं कवच नि शिसं वाटीतून वळून मागं येते. म्हणून खळी पडलेली प्लेट फेकून द्यायची. रंग मारून, उलटी करून वापरायची नाही.” कडक प्लेटवर पोलादी गाभ्याची गोळीही चालत नाही, तिनेही खड्डे पडतात. आणि गॅसने कापलं किंवा वर वेल्डिंग केलं की उष्णतेने तेवढा भाग मऊ पडतो, म्हणजे तिथे पुन्हा खड्डे. तसल्या प्लेटा बनवणाऱ्या परदेशी कंपन्या पिस्तुलाला साधारण 10 यार्ड आणि रायफलला 100 यार्ड अंतर सांगतात. आयपीएससी नावाच्या आंतरराष्ट्रीय पिस्तूल स्पर्धेच्या नियमांत लोखंडी टार्गेटपासून किमान 7 मीटर लांब राहायचं असं लिहिलेलं मी वाचलं, त्यांनाही वाचून दाखवलं. आम्ही तर 10 मीटरवर होतो आणि तरी माझ्या भुवईला लागलं. अंतराचा आकडा पाळला म्हणजे बाकी सगळं माफ, असं माझ्या डोक्यात होतं ते हिंगण्याच्या त्या शेडमध्ये, चव्वेचाळीस डिग्रीत, निघून गेलं.

कडक प्लेट आम्ही घेतली नाही. घेतलं ते नवं कोरं, सपाट, गुळगुळीत साधं लोखंड, पाच मिलिमीटरचं. पट्टी लावून पाहिलं, खालून उजेड नाही.

क्लबात कागदाच्या मागे लोखंडी पेटी असते. चार महिने मी तिच्यासमोर खुर्चीत बसलो होतो, एकदाही उठून आत वाकून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, प्रशिक्षकांची परवानगी काढून, फायरिंग बंद असताना. आतली पाठ सरळ उभी नाहीच. ती पुढे कललेली, वरची कड नेमबाजाकडे. छर्रा येऊन तिच्यावर आपटतो आणि खाली जातो. प्लेट जेवढी कलते त्याच्या दुपटीने छर्‍याची वाट वळते, हे पोरीने भूमितीच्या वहीत काढून दाखवलं. 20 अंश कलली तर छर्रा 40 अंशांनी खाली मान घालून परततो, म्हणजे आपल्यापर्यंत यायच्या आधी जमिनीला लागतो. 45 ला सरळ खाली पडतो.

तशीच पेटी बनवली. हिंगणेवाल्यानेच वाकवून, जोडून दिली, वेल्ड सगळे बाहेरच्या बाजूने. घरी आणून लावली आणि पहिल्याच दिवशी आतून छर्रे टपकन् बाहेर उड्या मारताना दिसले. वेग नव्हता, पायाशी येऊन पडत होते, पण येत होते. कारण साधं होतं: खाली ढकललेला छर्रा पेटीच्या उघड्या लोखंडी तळावर आपटून पुन्हा उसळत होता. तळात वाळू घालायचं ठरलं. कन्हानची वाळू बांधकामावरून घमेलंभर आणली, आणि काकाजींनी ती चाळायला लावली. वाळूतला एक गोटासुद्धा लोखंडाचंच काम करतो. पोरीने आईची जुनी पिठाची चाळणी घेतली, त्यावरून वेगळं महाभारत झालं.

दरम्यान भावाच्या बंदुकीची स्प्रिंग आणि वॉशर बदलून आणलं. मग मी एक प्रयोग केला जो कुणालाही करून पाहता येईल, फक्त चष्मा लावून आणि बाकीच्यांना घरात पाठवून. नव्या लोखंडाचा एक तुकडा उभा टांगला आणि त्याच्या चारी बाजूंनी पांढरे चार्टपेपर असे लावले की प्लेट जणू डब्यात बसली, समोरची बाजू उघडी. वीस छर्रे मारले. चार्टपेपरवर राखाडी बारीक ठिपक्यांचा एक पट्टा उमटला, चारी बाजूंना, प्लेटच्या पृष्ठभागाच्या रेषेत आणि जरासा पुढे. शिसं चपटं होताना कडेने जे फुटतं ते प्लेटला घासत बाहेर जातं, पंखा फिरताना पाणी उडावं तसं. मग प्लेट पुढे कलवली आणि नवे कागद लावले. पट्टा कलला. खालचा भाग जमिनीकडे गेला, पण वरचा आता पुढे आला होता. म्हणून पेटीला वरून झाकण हवं, हे तेव्हा समजलं. खरी गोळी असती तर त्याच रेषेत कागद कापला गेला असता, असं काकाजी म्हणाले. म्हणून प्लेटच्या शेजारी, बाजूला, कुणी उभं राहायचं नाही. बंदुकीमागे उभं राहणाऱ्यापेक्षा त्याला धोका जास्त.

पेटीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना मी आणखी लोखंड लावणार होतो. आईने किल्ली परत द्यायच्या आधी पाहणी केली, ऐकून घेतलं, आणि आत जाऊन दोन फाटक्या गोधड्या घेऊन आली. “या टांगून पाहा.” काकाजींनी मान डोलावली. वरून बांधलेली, खाली मोकळी गोधडी. छर्रा आला की ती मागे सरकते, झुलते आणि त्याला घडीत घेऊन खाली टाकते. ताणून खिळे ठोकले तर फाटते किंवा परत फेकते, सैल असली तर गिळते. चार सुती लोखंडाने जे जमलं नाही ते नऊवारीच्या तुकड्यांनी जमवलं. या गोधड्या कंपाउंडच्या भिंतीपेक्षा दोन फूट वर जातात, त्यामुळे पलीकडच्या गच्चीचाही प्रश्न मिटला.

पोरीला वाजणारं काहीतरी हवंच होतं. तेव्हा पेटीत, झाकणाखाली, दोन साखळ्यांवर लहान गोल चकती टांगली. साखळ्या चकतीच्या मागच्या बाजूला वेल्ड केलेल्या कड्यांत अडकवल्या, त्यामुळे ती आपसूक पुढे कलते आणि समोर नट-बोल्टचं डोकं येत नाही. चकती झुलत असताना दुसरा छर्रा मारायचा नाही, थांबायचं. झुलताना ती पुढे आली तर तोंड वर होतं, आणि मग छर्रा खाली जायच्या ऐवजी कुठे जाईल ते सांगता येत नाही. हा नियम पोरीला सर्वांत जड जातो.

चष्म्याचं एक राहिलं. माझा जवळचा नंबरचा चष्मा म्हणजे डोळ्यांचं संरक्षण नव्हे, हे मला डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. पॉलिकार्बोनेटचे, बाजूनेही झाकणारे सेफ्टी चष्मे आणले, सहा. मारणाऱ्याला एक आणि बोळात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला एक. चहा घेऊन येणाऱ्या बायकोलाही. सुरुवातीला ती हसायची, आता फाटकाच्या खिळ्यावरून स्वतःच उचलते.

आणि शिसं. हा भाग मी सगळ्यात शेवटी शिकलो, खरं म्हणजे आधी शिकायला हवा होता. परसदारी मोरी आहे, तिथे भांडी घासली जातात. जानेवारीत प्लेट ठेवली होती तिथून चार हातांवर. चार्टपेपरवरची राखाडी धूळ पाहिली तेव्हा पोटात गोळा आला. शिशाचं विष अंगात साठत जातं, लहान मुलांना जास्त. मोरीची फरशी ओल्या फडक्याने तीनदा पुसली, कोरडा झाडू नाही, कारण त्याने धूळ उडते. भांडी आता आत घासतो. शूटिंग झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय बिस्किटालाही हात लावायचा नाही. पेटीतली वाळू आणि शिसं मी हातमोजे घालून चाळतो, डब्यात भरून वेगळं ठेवतो. त्या उन्हाळ्यात आईने कुरडया गच्चीवर घातल्या आणि मला जिन्यातूनच परत पाठवलं. “तुझे कपडे बदलून ये.”

पावसाळा, दिवाळी, हिवाळा सगळं नीट गेलं. पोरगी आता आठ-नऊच्या वर्तुळात असते.

यंदाच्या मार्चमध्ये तोच पोऱ्या गवत बदलायला आला. मागच्या वर्षीचं गवत त्यानेच घातलेलं, ताजं. त्याने झटकलं, आणि वर न पाहता हात पुढे केला. एक छर्रा.

मी तो घेऊन समोर गेलो. काकाजींनी भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. छर्‍याच्या तोंडावर चपटेपणा नव्हता, एक तिरकी खाच होती, जणू कुणी सुरीच्या पाठीने दाबलंय. “प्लेटवर नाही लागला हा. कशाच्या तरी कोपऱ्यावर लागला.”

संध्याकाळी टॉर्च घेऊन आम्ही तिघं पेटीसमोर बसलो. पोरीलाच आधी दिसलं. पेटीच्या पुढच्या ओठावर, कागद अडकवायची क्लिप बसवताना दिवाळीत मी स्वतः एक बोल्ट मारला होता, षटकोनी डोकं समोर करून. त्याच्या वरच्या कोपऱ्यावर राखाडी चकाकी होती.

पाना आणायला मी आत गेलो.